कोणाला काय दिसावं, हे कोण ठरवतं?

विषय दिलाय ‘सोशल नेटवर्किंगच्या साइटसाठी फ्रेमवर्क आणि प्लगइनची निवड’. त्यावर येतेच. इथे बसलेल्या बहुतेकांनी लॅरावेल, जँगो, रेल्स, वर्डप्रेस यांतलं काही ना काही हाताळलेलं आहे, तेव्हा फ्रेमवर्क म्हणजे साइटचा तयार सांगाडा आणि प्लगइन म्हणजे त्यात बसवायचा जोड, इथपासून सुरुवात करत नाही. पण निवडीची चर्चा जिथून सुरू होते ती जागाच मला पटत नाही, आणि ते आधी बोलून टाकल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

चर्चा सुरू होते वेगापासून. ‘उद्या दहा लाख लोक आले तर हे पेलेल का?’ पण मोठ्या झालेल्यांनी सुरुवात कशावर केली ते पाहा. मायस्पेस २००३ मध्ये आली आणि वाढली ती कोल्डफ्यूजनवर. फेसबुक २००४ मध्ये साध्या पीएचपीत लिहिलं गेलं. ट्विटर २००६ मध्ये रेल्सवर आलं, इन्स्टाग्राम २०१० मध्ये जँगोवर. फेसबुकने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम घेतलं तेव्हा तिथे १३ माणसं कामाला होती आणि वापरणारे काही कोटी. पुढे डागडुजी सगळ्यांनाच करावी लागली. फेसबुकने पीएचपीचं सी प्लस प्लसमध्ये रूपांतर करणारं हिपहॉप लिहिलं, ट्विटरने आपला शोध रेल्सच्या रूबी भाषेतून काढून जावात नेला. पण हे सगळं लोक आल्यावरचं. दहा लाखांची काळजी करत फ्रेमवर्क निवडणारी पुष्कळ मंडळी मला भेटतात. पहिल्या हजार माणसांना एकमेकांपासून वाचवायचं कसं, हे विचारणारं क्वचित कोणी भेटतं.

फ्रेंडस्टरचं, म्हणजे मायस्पेसच्या आधीच्या त्या सोशल साइटचं काय, असं समोरून कोणीतरी म्हणालं. बरं झालं म्हणालात. फ्रेंडस्टर संथ होती म्हणून बुडाली, हे सगळे सांगतात. ती संथ का होती, हे कोणी सांगत नाही. तिचा नियम असा होता, की तुमच्या ओळखीच्या ओळखीच्या साखळीत चार पायऱ्यांच्या आत जो असेल, त्याचंच प्रोफाइल तुम्हाला दिसायचं. म्हणजे पान उघडताना सर्व्हरने आधी हे नातं मोजायचं आणि मग ठरवायचं. माणसं वाढली तसं हे गणित अफाट झालं. पानं उघडेनात. आणि लोकांनी काय केलं? जास्त माणसं दिसावीत म्हणून खोटी प्रोफाइलं काढून त्यांच्याशी मैत्री जोडली! मायस्पेसने असला नियमच ठेवला नाही. मला एवढंच दाखवायचंय, की कोणाला काय दिसावं हा प्रश्न सजावटीचा नाही. साइटच्या पोटातला सगळ्यात महाग हिशेब तोच असतो, आणि तो पहिल्या दिवशी ठरतो.

चर्चेची दुसरी सुरुवात होते सोयींच्या यादीने. प्रोफाइल, मैत्री, गट, खाजगी निरोप, फोटो, लाइक. यादी झाली की एकेका ओळीपुढे एकेक प्लगइन शोधायचं. जरा नीट पाहा, या यादीतली प्रत्येक गोष्ट माणसांना जवळ आणणारी आहे. लांब ठेवणाऱ्या गोष्टी, म्हणजे ब्लॉक, म्यूट, फक्त मित्रांना दिसणारी नोंद, तक्रार, खातं पुसणं, या सगळ्या यादीच्या तळाशी असतात. नाहीतर नसतातच. ‘ते काय, नंतर एक प्लगइन टाकू.’ माझं सगळं म्हणणं या वाक्याविरुद्ध आहे.

एक साइट माझ्याकडे तपासायला आली होती. नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही, कारण अशा साइटी खूप आहेत. एका व्यवसायातल्या लोकांनी एकमेकांसाठी काढलेली, वर्डप्रेसवर, त्यावर बडीप्रेस, म्हणजे वर्डप्रेसला सोशल नेटवर्क बनवणारं प्लगइन, आणि त्यावर आणखी बरीच प्लगइनं. चांगली चालली होती. तिथल्या एका सदस्य बाईंनी एका माणसाला ब्लॉक केलं. कारण मी विचारलं नाही. ब्लॉक करायला कारण द्यावं लागू नये, या मताची मी आहे. ब्लॉकचं प्लगइन होतं, त्याने आपलं काम चोख केलं. त्या माणसाचं प्रोफाइल बाईंना दिसेना, त्याचे निरोप बंद झाले.

सोमवारी आठवड्याचा ईमेल आला, ‘या आठवड्यात काय घडलं’ असा. त्यात सगळ्यात वर त्याच माणसाची नोंद, फोटोसकट. ईमेल पाठवणारं प्लगइन वेगळं, त्याच्या लेखकाने डेटाबेसला थेट स्वतःची क्वेरी, म्हणजे माहिती मागणारी आज्ञा, लिहिलेली. ब्लॉक नावाची काही गोष्ट या जगात आहे, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. चालकांनी ते दुरुस्त केलं. मग शोधाच्या खिडकीत दोन अक्षरं टाइप केली की त्याचं नाव यायला लागलं, कारण शोधाचा इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, वेगळा बांधलेला. तेही दुरुस्त केलं. मग गटाच्या सदस्यांची यादी. मग कार्यक्रमाला येणाऱ्यांची यादी. मग फोनवर त्याच्या प्रतिक्रियेची सूचना, जी ब्लॉक करण्याआधीच रांगेत जाऊन बसली होती.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ‘यांना तुम्ही ओळखत असाल’. हे जरा समजून घ्या. सुचवणाऱ्या प्लगइनचं गणित सोपं असतं, ज्यांच्याशी तुमचे सामाईक मित्र जास्त ते वर. आता माणूस ब्लॉक कोणाला करतो? अनोळख्यांनाही करतो, पण फार वेळा जवळच्याला करतो. जुना सहकारी, जुना मित्र, घरातलं कोणी. म्हणजे सामाईक मित्र सगळ्यात जास्त त्याच्याशीच! ब्लॉकमुळे मैत्री तुटली, ती तुटल्याबरोबर तो ‘मित्र नसलेल्यांत’ गेला आणि गणिताने त्याला यादीच्या डोक्यावर आणून बसवला. प्लगइनच्या लेखकाने काहीही चुकीचं लिहिलेलं नव्हतं. त्या साइटवरच्या एकाही प्लगइनच्या लेखकाने चुकीचं लिहिलेलं नव्हतं, आणि मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते हेच.

त्या बाईंनी तक्रार केली नाही, भांडल्या नाहीत. यायच्या थांबल्या. चालकांच्या आकडेवारीत त्या ‘निष्क्रिय सदस्य’ म्हणून जमा झाल्या, आणि निष्क्रिय सदस्यांना परत आणण्यासाठी ईमेल पाठवणारं आणखी एक प्लगइन बसवायचं चाललं होतं.

मोठ्यांनाही हे सुटलेलं नाही. गूगल बझ, जीमेलमधली सोशल सेवा, २०१० च्या फेब्रुवारीत आलं तेव्हा ज्यांच्याशी तुमचा ईमेल जास्त, ते आपोआप तुमच्या यादीत गेले, आणि ती यादी तुम्ही लपवली नाहीत तर सगळ्यांना दिसत होती. कोण कोणाशी बोलतं, हे जगापुढे. दुसऱ्या वर्षी गूगलची अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेशी, तडजोड झाली आणि २० वर्षं स्वतंत्र तपासणी मान्य करावी लागली. ट्विटरने २०१३ च्या डिसेंबरमध्ये ब्लॉकचा अर्थ बदलला, म्हणजे ब्लॉक केलेला माणूस तुम्हाला फॉलो करू शकेल, फक्त तुम्हाला तो दिसणार नाही. इतका गदारोळ झाला की काही तासांत निर्णय मागे. पुढे एक्स नाव झाल्यावर, २०२४ मध्ये, ब्लॉक केलेल्यांना सार्वजनिक नोंदी पुन्हा दिसू लागल्या. ट्विटरसारख्याच ब्लूस्कायवर तर कोणी कोणाला ब्लॉक केलं ही नोंदच सार्वजनिक असते, कारण तिथली रचना वेगवेगळ्या सर्व्हरांना ती वाचता यावी अशी आहे. ते बरोबर की चूक, यावर तास घालवता येईल. मुद्दा असा, की प्रत्येक ठिकाणी ब्लॉकचा अर्थ बटणाने ठरला नाही, खालच्या बांधणीने ठरला.

आता बांधणी. बडीप्रेस २००९ पासून आहे, आणि प्रामाणिक काम आहे. पण त्याचं घडामोडींचं टेबल उघडून पाहा. नोंद लपवण्यासाठी तिथे एक रकाना आहे, ‘हाइड साइटवाइड’. एक किंवा शून्य. सगळ्यांपासून लपवा नाहीतर लपवू नका. ‘हिच्यापासून लपवा, तिला दाखवा’ हे मांडायला त्यात जागा नाही. मग ब्लॉकचं प्लगइन जिथे जिथे हुक, म्हणजे आपला कोड अडकवायची जागा, सापडेल तिथे पहारा देतं, आणि बाकीची प्लगइनं म्हणजे असे भाडेकरू, की प्रत्येकाने आपल्या खोलीला रस्त्याकडे स्वतःची खिडकी फोडून घेतलेली.

एल्गची गोष्ट वेगळी. सोशल नेटवर्कसाठीचं तयार इंजिन, २००४ पासूनचं, आज फारसं कोणी नाव घेत नाही. त्यात प्रत्येक वस्तूला, मग ती नोंद असो, फोटो असो, प्रतिक्रिया असो, दिसण्याची पातळी जोडलेली असते, आणि एल्गच्या नेहमीच्या फंक्शनने यादी मागितली की ती अट क्वेरीत आपोआप लागते. प्लगइनच्या लेखकाला विसरायची सोयच नाही. द्रुपल, साइट बांधायची आणखी एक तयार प्रणाली, याहून कडक झालं. तिथे एन्टिटीची, म्हणजे साठवलेल्या वस्तूची, क्वेरी लिहिताना ‘ॲक्सेस चेक’, म्हणजे पाहण्याच्या परवानगीची तपासणी, हवा की नको हे स्पष्ट लिहावं लागतं. द्रुपल १० मध्ये लिहिलं नाहीत तर ती चालतच नाही. मला हे फार आवडतं. ‘नको’ म्हणायचा अधिकार आहे, पण तो सहीनिशी वापरायचा.

चिठ्ठी आली आहे, शेवटची पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय पाच मिनिटांत. भरभर सांगते, लिहून घ्यायचं तर घ्या.

सगळ्या सदस्यांना सगळं दिसायला हरकत नाही, अशी लहान साइट असेल तर वर्डप्रेस आणि बडीप्रेस खुशाल घ्या, पण प्लगइनं मोजकी ठेवा. गट, खाजगीपणा, वेगवेगळ्या भूमिका असतील तर द्रुपल किंवा एल्ग. द्रुपलमध्ये मोठ्या आवृत्तीची उडी महाग पडू शकते. सातवी आवृत्ती २०११ च्या जानेवारीत आली, आठवीत जाताना मॉड्यूलं नव्याने लिहावी लागली, म्हणून लोक इतकी वर्षं सातवर बसून राहिले की तिचा आधार २०२५ च्या जानेवारीपर्यंत चालवावा लागला. तयार काही हवं आणि संघराज्यासारखी रचना, म्हणजे एकमेकांशी जोडलेले स्वतंत्र सर्व्हर, चालणार असेल तर मास्टोडॉन पाहा. रेल्सवर आहे, ब्लॉक, म्यूट, अख्खा सर्व्हर ब्लॉक करणं, हे गाभ्यातच आहे. फोटोंसाठी पिक्सेलफेड, ते लॅरावेलवर. यांचं लायसन्स एजीपीएल. कोड बदलून साइट चालवलीत तर बदललेला कोड वापरणाऱ्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो, हे आधी वाचा.

स्वतः लिहिणार असाल तर जँगो, रेल्स, लॅरावेल, तिन्हींत मला भांडण नाही. तुमच्या लोकांना जे येतं ते घ्या. लॉगिन स्वतः लिहू नका. ते तयार मिळतं, जँगोला ऑलऑथ, रेल्सला डिव्हाइज, लॅरावेलला फोर्टिफाय. दिसण्याचा नियम मात्र स्वतः लिहा, आणि एकाच जागी. लॅरावेलमध्ये ग्लोबल स्कोप, जँगोमध्ये स्वतःचा मॅनेजर, म्हणजे अट क्वेरीला आपोआप लागते. कोणी कच्चं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत थेट, लिहिलं की हे दोन्ही बाजूला पडतात, म्हणून खाली पोस्टग्रेस डेटाबेसचं ‘रो लेव्हल सिक्युरिटी’, म्हणजे ओळीओळीवरचा पहारा, लावा. ९.५ आवृत्तीपासून ते आहे. एक लक्षात ठेवा, टेबलाच्या मालकाला ते मुळात लागू होत नाही. ॲप्लिकेशनसाठी वेगळा युजर करा किंवा ‘फोर्स’ लावा.

प्लगइन निवडताना चमकदार चित्रं पाहू नका. शेवटची आवृत्ती कधीची, सांभाळणारे किती जण, आणि कोड उघडून, ते टेबलांना थेट हात घालतं का. २०१६ मध्ये लेफ्टपॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरातल्या प्रकल्पांचे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर बनवण्याचं काम, अडले. ११ ओळी आपण स्वतः लिहू शकतो. कॅश (तयार पानांचा तात्पुरता साठा), शोधाचा इंडेक्स आणि सूचनांची रांग, या तिघांना पान कोण पाहतंय हे माहीत नसतं. म्हणून सूचना रांगेत टाकताना नव्हे, बाहेर पाठवताना तपासा. फीड, म्हणजे प्रत्येकाला दिसणारी नोंदींची यादी, आधीच भरून ठेवत असाल तर ब्लॉक झाल्यावर ती साफ करण्याचं काम लगेच लावा.

आणि चाचणी. तीन खाती काढा. पहिलीने दुसऱ्याला ब्लॉक केलंय, तिसरी दोघांचीही मैत्रीण आहे. पहिलीच्या खात्यातून प्रत्येक पान, प्रत्येक ईमेल, शोध, सूचना, मोबाइलचं एपीआय, सगळीकडे दुसऱ्याचं नाव शोधणारा स्वयंचलित टेस्ट लिहा आणि नवं प्लगइन बसवलं की तो आधी चालवा. सापडणारी पहिली गळती बहुधा तिसरीच्या नोंदीखाली असेल. प्रतिक्रिया पाच आहेत असं लिहिलेलं, दिसतात चार. ती पाचवी मोजायची की नाही, हे कुठलंही फ्रेमवर्क ठरवून देणार नाही. माझं मत, मोजायची नाही. ज्यांचं वेगळं असेल त्यांनी प्रश्नोत्तरांत हात वर करा, मला ऐकायचंय.