महासत्ता, आणि मधली एक आडवी रेघ

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘महासत्तांचा उदय आणि अस्त’, वेळ 40 मिनिटं, त्यातली 12 माझा परिचय करून देण्यात गेली, म्हणजे उरलेल्या 28 मिनिटांत माद्रिदपासून मॉस्कोपर्यंत सगळं उरकायचंय. उरकू. पण आधी मला शीर्षकातल्या त्या ‘आणि’बद्दल बोलायचंय. गेली कित्येक वर्षं मी हे भेटेल त्याला सांगतोय, घरचे आता ऐकत नाहीत, तुम्ही खुर्च्यांवर बसलेले आहात म्हणून तुम्हाला सांगतो.

माझं म्हणणं असं की एकत्र आलेली राज्यं फुटायला लागली की पैसा, सैन्य, सीमा हे सगळं नंतर येतं, पहिली ठिणगी पडते ती पाटीवर. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, आणि मधे काय.

चेकोस्लोव्हाकियाचंच बघा, चेक आणि स्लोव्हाक अशा दोघांचा मिळून एक देश. कम्युनिस्ट राजवट 1989 च्या शेवटी गेली. जानेवारी 1990 मधे राष्ट्राध्यक्ष वाक्लाव हावेल संसदेत म्हणाले, देशाच्या नावातला ‘समाजवादी’ शब्द काढूया. त्यांना वाटलं असणार पाच मिनिटांचं काम आहे. तर स्लोव्हाक म्हणाले, नावाला हात लावताच आहात तर मधे हायफनही घाला, चेको-स्लोव्हाकिया, नाहीतर जग आम्हाला चेकच समजतं. आता हायफन म्हटल्यावर चेक माणसाच्या पोटात गोळाच आला. कारण हे हायफनवालं रूप अधिकृतपणे वापरात होतं ते 1938 च्या म्युनिक करारानंतर, हिटलरनं लचका तोडल्यावर, आणि पुढच्या मार्चमधे देशच नकाशावरून गेला. म्हणजे तीच एक रेघ, एकाला त्यात स्वतःचं अस्तित्व दिसतंय आणि दुसऱ्याला अंत्ययात्रा.

1990 च्या मार्चमधे संसदेनं तोडगा काढला, माझा फार आवडता आहे हा: चेक भाषेत नाव बिनहायफनचं, स्लोव्हाक भाषेत हायफनसकट. देश एक, स्पेलिंग दोन. अर्थात कुणाचंच समाधान झालं नाही, आणि एप्रिलमधे पुन्हा नाव बदलून ‘चेक आणि स्लोव्हाक संघीय प्रजासत्ताक’ केलं. त्यात सगळ्या शब्दांची पहिली अक्षरं मोठी, जे त्यांच्या व्याकरणात चूक आहे, पण पहिलंच मोठं ठेवलं तर बाकीच्यांना राग. (गंमत म्हणजे तिकडे या भांडणाला ‘डॅशची लढाई’ म्हणतात. भांडण शब्द जोडणाऱ्या आखूड हायफनचं आणि नाव लांब डॅशचं. हसा की, एवढं काय गंभीर होऊन बसलाय.)

आता माझं दुःख ऐका. हे सगळं मी एकदा लेखात लिहिलं. प्रूफं बघणारे गृहस्थ भारी काटेकोर, त्यांनी ‘सगळीकडे एकसारखं हवं’ म्हणून प्रत्येक हायफन काढून टाकला. छापून आलं ते असं: ‘चेकांना चेकोस्लोव्हाकिया हवं होतं, पण स्लोव्हाक अडून बसले, नाही, आम्हाला चेकोस्लोव्हाकियाच हवं.’ चार पानं असंच! वाचकांनी विचारलं, मग भांडण कशाचं होतं? शुद्धिपत्र छापा म्हटलं, तर दोन महिन्यांनी एक ओळ आली आणि त्या ओळीतही हायफन नव्हता. तेव्हापासून मला स्लोव्हाकांचं दुःख आतून कळतं.

असो. ऑगस्ट 1992 मधे चेक पंतप्रधान क्लाउस आणि स्लोव्हाक पंतप्रधान मेचियार ब्रनो शहरातल्या एका व्हिलाच्या बागेत झाडाखाली बसले आणि वेगळं व्हायचं पक्कं केलं. सार्वमत नाही, काही नाही. 31 डिसेंबरला देश संपला, मालमत्ता साधारण लोकसंख्येप्रमाणे दोनास एक अशी वाटली. चलन मात्र काही महिने एकच ठेवू म्हणाले, ते 8 फेब्रुवारीला मोडलं, आणि नव्या नोटा येईपर्यंत दोन्हीकडे जुन्याच नोटांवर तिकिटासारखे छोटे स्टॅम्प चिकटवून काम भागवलं.

चिठ्ठी आली, 9 मिनिटं राहिलीत. बरं.

ऑस्ट्रिया-हंगेरी. 1867 चा समझोता, सम्राट एक, संसदा दोन. तिथे संयुक्त सैन्याच्या नावात ‘शाही-राजेशाही’ असं सलग होतं, शाही म्हणजे ऑस्ट्रियाच्या सम्राटाचं, राजेशाही म्हणजे हंगेरीच्या राजाचं, माणूस तोच, हंगेरियन लोकांनी भांडून 1889 मधे मधे ‘आणि’ घालून घेतला. एक ‘आणि’, 22 वर्षांनी! पण इथेच माझ्या सिद्धांताची पंचाईत होते, ते प्रामाणिकपणे सांगतो, कारण त्या ‘आणि’खाली हिशोबाची वही होती. संयुक्त खर्चात कुणी किती घालायचे याची घासाघीस दर 10 वर्षांनी, सुरुवातीला ऑस्ट्रिया 70, हंगेरी 30, 1907 पर्यंत हंगेरीचा वाटा 36.4 टक्क्यांवर. दर दहा वर्षांनी घटस्फोटाची धमकी देत चालवलेला संसार तो, 50 वर्षं टिकला हेच नवल, आणि पहिलं महायुद्ध हरता हरताच संपला.

महासत्ता म्हणाल तर मुळात पैशालाच मार खातात. स्पेनकडे अमेरिकेतून चांदी येत होती तरी राजा दुसऱ्या फिलिपनं 1557, 1575, 1596 असं पुन्हापुन्हा कर्जफेड थांबवली, कारण लढाया चांदीपेक्षा वेगानं वाढल्या. सोव्हिएत संघानं नावात एकाही प्रदेशाचा उल्लेख ठेवला नव्हता, माझ्या हिशोबानं तो अमर व्हायला हवा होता. पण 1986 मधे तेलाचे भाव कोसळले, पुढे संघातलं सगळ्यात मोठं प्रजासत्ताक असलेल्या रशियानंच केंद्राला पैसे द्यायला हात आखडता घेतला, मग केंद्र कशावर चालणार. आणि संघ टिकवण्यासाठीच्या 1991 च्या नव्या करारात सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह काय वाचवत होते, तर देशाच्या नावाची आद्याक्षरं! ‘समाजवादी’च्या जागी ‘सार्वभौम’, रशियनमधे दोन्ही एकाच अक्षरानं सुरू होतात. सही 20 ऑगस्टला व्हायची होती, 19 ला बंड झालं.

म्हणजे नाव आधी की पैसा आधी? मला वाटतं पैशाचं भांडण उघड करायची लाज वाटते तोवर माणसं नावावरून भांडतात. यावर खरं तर अर्धा तास हवा होता, तो हायफननं खाल्ला.

उठता उठता एकच. चेक आणि स्लोव्हाक वेगळे होताना कायदा झाला होता की जुन्या चेकोस्लोव्हाक संघाची चिन्हं कुणीच वापरायची नाहीत. चेकांनी झेंडा तसाच्या तसा ठेवला. त्यातला निळा त्रिकोण 1920 मधे घातलेला, कारण नुसता पांढरा-लाल झेंडा पोलंडसारखा दिसायचा, आणि पुढे लोक त्या त्रिकोणाला स्लोव्हाकांचा म्हणायला लागले. स्लोव्हाक गेले, त्रिकोण अजून प्रागमधेच फडकतोय. हो हो, थांबतो.