ज्वारी सांडली की टाका कळतो

(उन्हाळी सुट्टीच्या सुरुवातीला सोलापुरात पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पंखा थोडा कमी करा कुणीतरी. उकडतंय हे खरं, पण पुढच्या टेबलावरच्या चिंध्या उडायला लागल्यात.

मी शाळेत कार्यानुभवाचा तास घेत होते. कार्यानुभव म्हणजे परीक्षा जवळ आली की गणिताला देऊन टाकायचा तास, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जे तास वाचले, त्यांत मी मुलांना सुई दिली. मुलग्यांनाही दिली. एकाच वर्गात सुई, सूदी आणि सूजी असे तीन शब्द ऐकू यायचे, मराठी, तेलुगू आणि कानडी. दोऱ्याचं मात्र सगळ्यांचं जवळपास जमायचं. दोरा, दारम, दारा. पहिल्या दिवशी फळ्यावर मी एवढंच लिहायची.

आपल्या गावात कापडाचं कुणाला अप्रूप नाही. जुनी गिरणी उभी राहिली ती १८७७ साली. पुढं गिरण्या बंद पडल्या. चादरी-टॉवेलचे माग आहेत, आणि इथले शाळेचे युनिफॉर्म परराज्यांत जातात. तरीही ज्या घरात दिवसभर मशीन चालते, त्याच घरातल्या मुलीला सुईत दोरा ओवता येत नाही, असं मी कितीदा पाहिलं. एका आईला विचारलं, तर म्हणाली, "बाई, माझ्या हातात सुई आली ती सुटलीच नाही. तिच्या हातात नको." त्या नगावर मजुरी घेऊन शिवायच्या. मला उत्तर सुचलं नाही, कारण त्यांचं चुकत नव्हतं.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. मूल जे शिवेल ते त्याच्या स्वतःच्या वापराचं असेल. विकायचं नाही, स्पर्धेला पाठवायचं नाही, 'काकूंना दाखव बरं' म्हणून पाहुण्यांपुढं नाचवायचं नाही. आणि वीस मिनिटांत थांबायचं, अजून हवंहवंसं वाटत असतानाच.

आता कापड. युनिफॉर्मच्या कटिंगची चिंधी इथं मुबलक मिळते, रंगही छान असतात. 'ही आमच्या शाळेची चौकडी!' म्हणून मुलं उड्या मारतात. पण ते कापड बहुधा टेरीकॉट. हातात घसरतं, सुई अडते. पहिल्यांदा शिवणाऱ्याला धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड द्या. आईची जुनी साडी, आजोबांचं धोतर. जुन्या चादरीचं आसन करू म्हणाल, तर कापलेल्या कडेचे धागे सुटत जातात. कड आधी तुम्ही मशीनवर दुमडून द्या. टॉवेलचंही तसंच, वर घरभर कापूस.

सुई मोठ्या नेढ्याची घ्या. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले तीन वेगळे करून घ्या, दिसायलाही ठळक. दोरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब नको. दोरा पुन्हा ओवायला लागू नये म्हणून आपण वावभर घेतो, आणि मग अर्धा तास गुंता सोडवतो. मूल डावखुरं असेल आणि तुम्ही उजव्या हाताने शिवत असाल, तर शेजारी न बसता समोर बसून शिकवा. आरशात पाहिल्यासारखं त्याला दिसतं.

पाच वर्षांच्या मुलाला कापड नकोच. पुठ्ठ्यावर दाभणाने भोकं पाडून द्या आणि त्यातून बुटाची नाडी ओवू द्या.

माझी लाडकी वस्तू आहे ज्वारीची थैली. सात-आठ वर्षांपासून पुढच्या कुणालाही जमते. वीतभर लांब, अर्धी वीत रुंद पट्टी घ्या. सुलटी बाजू वर ठेवून मधोमध दुमडा, म्हणजे उलटी बाहेर येते. पेन्सिलीने कडेपासून बोटभर आत रेघ मारा. रेघेवरून शिवत जायचं, एका बाजूला दोन बोटं मावतील एवढं तोंड सोडायचं, सुलटं करायचं, मूठभर ज्वारी भरायची, तोंड शिवायचं. थैली गच्च भरू नका. सैल राहिली तर ती तळहातावर बसते, झेलता येते.

इथं मी मुद्दाम एक गोष्ट करायची. पहिली थैली धावदोऱ्यानेच, म्हणजे सुई खाली-वर करत सरळ पुढे जाणाऱ्या टाक्याने, शिवू द्यायची. मुलांचा धावदोरा म्हणजे एक टाका सोलापुरात, दुसरा बार्शीत. दोन फेऱ्या झेलाझेली झाली की ज्वारी टपटप सांडायला लागते. 'बाई, गळतंय की!' मग मी उलटी टीप दाखवायची. सुई एक पाऊल मागे टोचायची, दोन पावलं पुढे काढायची. मधे फट राहत नाही. हेच आधी सांगितलं असतं, तर 'बाईंनी सांगितलं' म्हणून केलं असतं. आता स्वतःची ज्वारी वाचवायला करतात, आणि टाके आपोआप बारीक होतात. वाकडी शिवण उसवून पुन्हा करून घेऊ नका. आणि रात्री मूल झोपल्यावर गुपचूप नीट करून ठेवणाऱ्या आया इथं आहेत, मला ठाऊक आहे. त्याला सकाळी कळतं.

एक सावधगिरी. मी एकदा वर्गाच्या सगळ्या थैल्या सुट्टीभर कपाटात ठेवल्या. जूनमध्ये उघडलं, तर उंदरांनी जेवणावळ उठवलेली, उरल्या ज्वारीत सोंडे. तेव्हापासून थैल्या ज्याच्या त्याच्या घरी, पत्र्याच्या डब्यात.

बाहुलीचं मी फार बोलणार नाही. नाक-डोळे शेवटी आईच काढते.

त्यापेक्षा नॅपकिनला अडकवायची नाडी लावू द्या. चार टाके, दहा मिनिटं, आणि लगेच खुंटीला. किंवा शर्टाचं तुटलेलं बटण. बटणावर आगकाडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घ्यायचे, मग काडी काढून बटणाखाली दोऱ्याचे दोन-तीन वेढे द्यायचे. बटण कापडाला चिकटून बसत नाही, काजात सहज जातं. सातवीतला एक मुलगा हे शिकला आणि मधल्या सुट्टीत वर्गातल्या पोरांची बटणं लावून देऊ लागला. फुकट. पैसे घेतो का, ते मी आधी विचारलं होतं.

चला, आता मुलांना आत बोलवा. डब्यात चाळीस सुया आहेत, मोजून देणार आहे. चाळीस परत आल्याशिवाय सतरंजीवरून कुणी उठायचं नाही, आयांनीसुद्धा.