बिटकॉइन पाठवलं, पण पोचलं का नाही?

नमस्कार. थेट विषयालाच हात घालतो. ज्यांनी कधी बिटकॉइन पाठवलंय, त्यांतल्या बहुतेकांनी ‘पेंडिंग’ हा शब्द ताटकळत बघितलेला असतो. दहा मिनिटं होतात, तास होतो, रात्र सरते, तरी स्क्रीनवर पेंडिंगच. मग मनात नाही नाही ते येतं. ॲड्रेस चुकला का? पैसे बुडाले का? कुणी मधल्यामध्ये पळवले का? अशा घाबरलेल्या अवस्थेत माणूस टेलिग्रामवर मदत मागायला जातो आणि तिथे मात्र खरोखरच लुबाडला जातो. मला या विषयावर बोलावंसं वाटतं ते यासाठीच. पेंडिंग असताना आत काय चाललेलं असतं हे एकदा नीट कळलं, की निम्मी भीती तिथेच संपते.

आपल्याला सवय यूपीआयची. तिथे पैसे अडकले तर बँक आहे, यूपीआय चालवणारी एनपीसीआय आहे, तक्रार नोंदवायची सोय आहे. बिटकॉइनमध्ये यातलं काहीच नाही. तुम्ही ‘सेंड’ दाबलं की तुमचं वॉलेट, म्हणजे बिटकॉइन वापरायचं ॲप, एक सही केलेला संदेश जगभरच्या हजारो कंप्युटरांकडे सोडून देतं. हे कंप्युटर म्हणजे नोड. प्रत्येक नोड सही तपासतो, पैसे खरंच तुमचे आहेत का आणि आधी कुठे खर्च झालेले नाहीत ना ते बघतो, आणि सगळं ठीक असेल तर तो व्यवहार आपल्या प्रतीक्षायादीत ठेवतो. या यादीला मेमपूल म्हणतात. लक्षात घ्या, जगाचा मिळून एकच असा मेमपूल नसतो. प्रत्येक नोडचा स्वतःचा असतो.

या यादीतून व्यवहार उचलून ब्लॉकमध्ये, म्हणजे पक्क्या झालेल्या व्यवहारांच्या एका गठ्ठ्यात, बसवायचं काम माइनरचं. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी एक येतो, आणि त्यात मावतात साधारण तीन-चार हजार व्यवहार. म्हणजे दिवसाला चार-पाच लाख, क्वचित त्याहून जास्त. यूपीआयवर दिवसाला पन्नास कोटींहून अधिक व्यवहार होतात. या दोन आकड्यांतलं अंतर बघितलं की अडकण्याचं मूळ कुठे आहे ते दिसतं. जागाच मोजकी आहे.

आता ‘सरासरी दहा मिनिटं’ यातला सरासरी हा शब्द फार महत्त्वाचा. दर दहा मिनिटांनी गाडी सुटावी तसा ब्लॉक येत नाही. ब्लॉक शोधणं म्हणजे माइनरच्या मशिनांनी एका गणिताचं उत्तर अंदाजाने शोधत राहणं, म्हणून हा निव्वळ संभाव्यतेचा प्रकार आहे. मागचा ब्लॉक येऊन चाळीस मिनिटं झाली, म्हणून पुढचा आता येणारच, असं अजिबात नाही. त्या क्षणापासूनही सरासरी वाट दहा मिनिटांचीच. हिशेब मांडला तर तासाभरापेक्षा जास्त अंतर साधारण तीन दिवसांतून एकदा पडतंच. त्या तासात तुमचा व्यवहार लटकला, तर त्यात तुमची, वॉलेटची किंवा फीची काहीच चूक नसते. माइनर कमी झाले तर वेग आणखी मंदावतो. २०२१ साली चीनने माइनिंगवर बंदी आणली, तेव्हा कितीतरी मशिनं एकदम बंद पडली आणि ब्लॉक रेंगाळत येऊ लागले. दर दोन हजार सोळा ब्लॉकनंतर हे गणित आपोआप सोपं किंवा अवघड होतं, तसं ते ३ जुलै २०२१ रोजी जवळपास २८ टक्क्यांनी सोपं झालं आणि गाडी रुळावर आली.

मग कुणीही विचारेल, ब्लॉक मोठा का करत नाहीत? यावरून २०१५ ते २०१७ या काळात बिटकॉइनच्या मंडळींत अक्षरशः दोन तट पडले. एक मेगाबाइटची मर्यादा २०१० मध्ये घातलेली होती. मोठ्या ब्लॉकवाल्यांनी १ ऑगस्ट २०१७ रोजी वेगळी चूल मांडली, तेच बिटकॉइन कॅश. उरलेल्यांनी त्याच महिन्यात सेगविट नावाची सुधारणा आणली, त्यामुळे त्याच व्यवहारांना हिशेबात कमी जागा लागू लागली. माझं मत विचाराल तर मी छोट्या ब्लॉकच्या बाजूचा. साध्या कंप्युटरवर, घरच्या इंटरनेटवर कुणालाही नोड चालवता यावा, ही या व्यवस्थेची खरी ताकद आहे. ब्लॉक वाटेल तेवढे फुगवले तर नोड चालवणं मोठ्या कंपन्यांनाच परवडेल, आणि मग बँक काय वाईट होती? पण या निवडीची किंमत असते, आणि ती आपण फीच्या रूपाने मोजतो.

तर फीकडे येऊ. जागा मोजकी, मागणारे पुष्कळ, म्हणून तिथे सतत लिलाव चालू असतो. माइनर कुणाला आधी घेतो? जो जागेच्या मानाने जास्त देतो त्याला. तुम्ही किती रक्कम पाठवताय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. पाच हजार रुपयांचं बिटकॉइन असो की पाच कोटींचं, व्यवहार ब्लॉकमध्ये किती जागा खातो यावर फी ठरते. ही जागा व्हर्च्युअल बाइटमध्ये मोजतात, आणि दर असतो एका बाइटला इतके सातोशी. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी.

जागा कशाने वाढते ते नीट बघू, कारण लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. वॉलेटमध्ये तुम्हाला एकच शिल्लक दिसते, पण आत ती एकसंध नसते. तुमच्याकडे जितक्या वेळा बिटकॉइन आलं, तितके वेगवेगळे तुकडे पडलेले असतात. बाराशे रुपये द्यायचे असताना खिशात शंभराच्या बारा नोटा असणं आणि आता चलनातून मागे घेतलेली दोन हजारांची एकच नोट असणं, यात जो फरक तोच इथे. पाठवताना प्रत्येक तुकडा वेगळा दाखवावा लागतो, त्याची वेगळी सही लागते. आजकालच्या, म्हणजे बीसी१क्यूने सुरू होणाऱ्या ॲड्रेसवरचा एक तुकडा साधारण ६८ बाइट खातो. समोरच्याला जाणारी रक्कम ३१ बाइट, आणि तुमच्याकडे परत येणारी मोड आणखी ३१. एक तुकडा वापरून केलेला साधा व्यवहार सुमारे १४१ बाइटचा होतो. तीच रक्कम बारा तुकडे जोडून पाठवली तर ८९० बाइट.

सोपं जावं म्हणून १ बिटकॉइन ८० लाख रुपयांचं धरू, म्हणजे सातोशी आठ पैशांचा. दर बाइटला ५ सातोशी असेल तर पहिल्याला ५६ रुपये लागतील, दुसऱ्याला ३५६. दर १०० वर गेला की पहिल्याला ११२८ रुपये आणि दुसऱ्याला ७१२० रुपये. रक्कम तीच, माणूस तोच. दर आठवड्याला थोडं थोडं बिटकॉइन घेऊन लगेच वॉलेटमध्ये आणणाऱ्यांनी हे गणित जरूर करून बघावं. दर उतरलेले असतात तेव्हा हे सगळे तुकडे स्वतःच्याच एका ॲड्रेसवर पाठवून एक करून ठेवावेत, पुढे गर्दीत सापडायला नको. एवढं मात्र खरं की त्यामुळे हे सगळे तुकडे एकाच मालकाचे हे बघणाऱ्याला कळतं. ज्यांना खासगीपणाची काळजी आहे त्यांनी विचार करून करावं. आणि तुमचं ॲड्रेस जर अजून १ या आकड्याने सुरू होणारं असेल, तर त्यावरचा प्रत्येक तुकडा ६८ ऐवजी १४८ बाइट खातो. नवीन ॲड्रेसवर या. यासारखी सहज होणारी बचत दुसरी नाही.

गर्दी किती होऊ शकते? डिसेंबर २०१७ मध्ये भाव चढला तेव्हा सरासरी फी पन्नास डॉलरच्या वर गेली होती. मे २०२३ मध्ये बिटकॉइनवरच टोकन, म्हणजे त्याच नेटवर्कवर चालणारी दुसरी नाणी, काढायची टूम निघाली, आणि ७-८ मेच्या सुमारास चार लाखांहून जास्त व्यवहार वाट बघत पडले. बायनान्ससारख्या एक्स्चेंजला, म्हणजे बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराला, बिटकॉइन काढून घेणं काही काळ थांबवावं लागलं. सगळ्यात कडेलोट झाला २० एप्रिल २०२४ रोजी. आपल्याकडे शनिवारची पहाट होती. ब्लॉक शोधल्याबद्दल माइनरला मिळणारं बक्षीस त्या दिवशीच्या एका ब्लॉकपासून ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं, आणि नेमकं त्याच ब्लॉकपासून रून्स नावाची नवी टोकनं सुरू झाली. त्या एका ब्लॉकमध्ये लोकांनी मिळून ३७ बिटकॉइनहून जास्त फी भरली. त्या दिवशीची सरासरी फी शंभर डॉलरच्या पुढे होती. एरवी शनिवार-रविवारी सहसा गर्दी कमी असते, पण अशा दिवशी हे अनुभवाचे ठोकताळे काही उपयोगाचे नसतात. म्हणून पाठवण्याआधी मेमपूल डॉट स्पेससारख्या साइटवर चालू दर बघावा. अर्धं मिनिट लागतं.

फी चुकून जास्त गेली तर? सप्टेंबर २०२३ मध्ये पॅक्सोस या कंपनीकडून दोन हजार डॉलरच्या आसपासच्या व्यवहारावर १९.८ बिटकॉइन फी गेली, म्हणजे तेव्हाचे जवळपास पाच लाख डॉलर. ज्या माइनिंग पूलला, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या माइनरांच्या गटाला, ती मिळाली त्या एफटूपूलने ती परत केली. तो त्यांचा चांगुलपणा, नियम नव्हे. फीचा आकडा हाताने टाकत असाल तर तो बाइटमागचा दर आहे की एकूण रक्कम, हे दोनदा वाचा.

आता व्यवहार अडकलाच, तर काय करायचं. आधी एक बघा : तुमच्याकडे ट्रान्झॅक्शन आयडी आहे का? एक्स्चेंजवरून पैसे काढताना नुसतं ‘प्रोसेसिंग’ दिसतंय आणि आयडीच मिळालेला नाही, तर व्यवहार अजून नेटवर्कवर आलेलाच नाही. तो एक्स्चेंजच्या आत, तपासणीत किंवा त्यांच्या एकगठ्ठा पाठवण्याच्या रांगेत आहे. तिथे फी वाढवून काही होणार नाही, त्यांच्याकडेच विचारायला हवं. आयडी आहे आणि व्यवहार ब्लॉकमध्येही आलाय, पण घेणाऱ्याच्या खात्यात दिसत नाही, तर घेणाऱ्याचा एक्स्चेंज ठरावीक कन्फर्मेशन, म्हणजे त्या ब्लॉकवर आणखी ब्लॉक, होण्याची वाट बघतोय. थांबा.

आयडी आहे आणि एकही कन्फर्मेशन नाही, तेव्हाच तो फीचा प्रश्न. चांगल्या वॉलेटमध्ये ‘फी वाढवा’ असं बटण असतं. ते दाबलं की तेच तुकडे वापरून, जास्त फीचा नवा व्यवहार जातो आणि जुन्याची जागा घेतो. याला आरबीएफ म्हणतात. तुमच्या वॉलेटमध्ये ही सोय आहे का हे पैसे अडकल्यावर नाही, वॉलेट निवडतानाच बघा. दुसरी वाट घेणाऱ्याच्याही हातात असते. अडकलेल्या व्यवहारातून आपल्याला येणारं बिटकॉइन त्याने भरपूर फी लावून पुढे, अगदी स्वतःलाच, पाठवलं, तर दुसऱ्याची फी हवी असलेल्या माइनरला पहिलाही घ्यावाच लागतो.

काहीच नाही केलं तरी पैसे कुठेही जात नाहीत. बहुतेक नोड चौदा दिवसांनी असा व्यवहार यादीतून काढून टाकतात, जागा भरली तर त्याआधीही. मग वॉलेटला शिल्लक पुन्हा मोकळी दिसते. फक्त तो सही केलेला संदेश कुणीही पुन्हा सोडू शकतं. म्हणून नव्याने पाठवताना त्यातला निदान एक तुकडा तोच वापरा, म्हणजे जुना व्यवहार कायमचा बाद होतो. नाहीतर दोन्ही व्यवहार होऊन बसायचे.

इथेरियमचं, म्हणजे बिटकॉइनसारख्याच दुसऱ्या एका नेटवर्कचं, थोडक्यात. तिथे ब्लॉक बारा सेकंदांनी येतो, पण तुमच्या प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असतो. पाचवा कमी फीमुळे अडकला की सहावा, सातवा, आठवा सगळे त्याच्यामागे थांबतात. आठव्याची फी वाढवून उपयोग नाही, पाचवाच त्याच क्रमांकाने, जास्त फी देऊन पुन्हा पाठवायचा. आणि तिथे व्यवहार फसला तरी गॅसचे, म्हणजे तिथल्या फीचे, पैसे जातात, कारण मशिनने काम केलेलं असतं.

शेवटी जे सांगायला मी मुद्दाम आलो ते. ‘अडकलेलं बिटकॉइन सोडवून देतो’ म्हणणारी माणसं टेलिग्रामवर, एक्सवर ठाण मांडून असतात. कुणी तक्रार लिहिली की दोन मिनिटांत ‘सपोर्ट’ नावाने मेसेज. बिटकॉइनला सपोर्ट विभाग नाही. काही माइनिंग पूल पैसे घेऊन व्यवहार पुढे घेतात हे खरं, पण त्यांना लागतो फक्त ट्रान्झॅक्शन आयडी, आणि तो तसाही जगजाहीर असतो. तुमचं वॉलेट ज्यांनी उघडतं ते बारा किंवा चोवीस शब्द कुणी मागितले, ‘वॉलेट व्हेरिफाय करा’ म्हणून लिंक दिली, ‘टॅक्स भरा मग सोडतो’ म्हटलं, तर तो चोर आहे. शब्द देऊन बसला असाल तर त्या क्षणी नवं वॉलेट काढून उरलेलं सगळं तिकडे हलवा, आणि या वेळी फीकडे बघू नका, सगळ्यात वरचा दर लावा, कारण चोरही त्याच तुकड्यांवर हात टाकत असतो आणि आता ती शर्यत आहे. त्यानंतर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. ट्रान्झॅक्शन आयडी, चोराचा ॲड्रेस आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. चॅट उडवू नका, समोरच्याने ते त्याच्या बाजूने उडवायच्या आत स्क्रीनशॉट काढून ठेवा.