आंबुशीवरचं निळं फुलपाखरू

नमस्कार, श्रोतेहो.

आज ज्या फुलपाखराबद्दल बोलणार आहे, ते तुम्ही बहुतेक पाहिलेलंच असेल. गवतातून चालताना पायाजवळून नखाएवढं काहीतरी निळसर उडतं, दोन हातांवर जाऊन बसतं आणि बसताक्षणी दिसेनासं होतं ना, तेच ते. पेल ग्रास ब्लू.

दिसेनासं होतं, कारण निळाई फक्त पंखांच्या वरच्या अंगाला. पंख मिटले की उरतो राखाडी-तपकिरी रंग आणि त्यावर पांढऱ्या कडांचे काळपट ठिपके. त्यातही निळा तो नर. मादी वरूनही बरीचशी तपकिरीच. मी कितीतरी दिवस वहीत या नवराबायकोची नोंद दोन वेगळ्या जाती म्हणून करत होतो!

तेव्हा निळ्या रंगावर भिस्त ठेवू नका. मिटलेला पुढचा पंख बघा. त्याच्या मधोमध एक बारीक आडवी रेघ असते. त्या रेघेच्या आत, धडाच्या बाजूला, आणखी एक ठिपका दिसतो का? पेल ग्रास ब्लूला तो असतो. त्याच्याशी हमखास गल्लत होते त्या लेसर ग्रास ब्लूला नसतो. पंचाईत अशी, की नेमका तिथेच मागचा पंख आडवा येतो. मग गुडघे टेकून वाट बघायची.

नाहीतर सरळ आंबुशी शोधा. पत्त्यांतल्या बदामासारखी तीन पानं, पिवळं फूल, चवीला आंबट. मादी तिच्यावर एकेक अंडं घालते. पांढरट, चपटं, मोहरीहूनही बारीक. हिरवी अळी त्या पानांत मिसळून जाते, पण मुंग्या तिला बरोबर हुडकतात. तिच्या अंगातून गोड रस पाझरतो ना!

२०११ साली फुकुशिमाला अणुदुर्घटना झाली. किरणोत्साराचा परिणाम तपासायला जपानी संशोधकांनी हेच फुलपाखरू निवडलं. ते माणसांच्या वस्तीत राहतं, महिन्याभरात त्याची पिढी पुरी होते. पुढच्या वर्षी त्यांनी पंखांतल्या, पायांतल्या विकृती नोंदवल्या.

बघायचं असेल तर कोवळ्या उन्हात जा. तेव्हा ते पंख अर्धवट उघडून शेकत बसलेलं असतं. फक्त आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका.