गुंजीला गोळा पोचला

(दृश्य: टिळकवाडी, सकाळ. बंद फाटक, दोन्हीकडे दुचाकी.)

बेळगावात पत्ता विचारा. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असंच उत्तर येईल. तिसऱ्या गेटवर उड्डाणपूल झाला, तरी नाव तेच राहिलं. रुळांवरून पत्ते सांगणाऱ्या या गावात यंदा रेल्वेच्या इतिहासाचं वेड असलेल्यांचा वार्षिक मेळावा भरला.

(दृश्य: मंगल कार्यालय, चहाचं टेबल.)

मिरज, सांगली, हुबळी, मडगाव. कुणी निवृत्त गार्ड, कुणी बँकेतले, एक जण दातांचे डॉक्टर. मराठी, कन्नड, कोकणी सगळं एकाच कपात. सीमाप्रश्नावरून कुणी भांडलं नाही. आवाज चढले ते मीटरगेजच्या जुन्या डब्यांच्या रंगावरून.

(दृश्य: नकाशावर फिरणारं बोट.)

सदर्न मराठा रेल्वे कंपनी 1882 सालची. बोट मिरजेहून खाली येतं. कुडची, घटप्रभा, बेळगाव, खानापूर, लोंढा. मग कॅसलरॉक. पलीकडे पोर्तुगिजांचा गोवा. मार्मागोवा बंदरापर्यंतची गाडी 1888 साली सुरू झाली. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, खाली दूधसागर, आणि वर कॅसलरॉकला कस्टमवाले पेट्या उघडून बघायला तयार. ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात राहून पुढे गोव्याला गेले, तेही रेल्वेनंच.

(दृश्य: टेबलावर तीन पट्ट्या, लहान-मोठ्या.)

दोन रुळांमधलं अंतर: 1676, 1000 आणि 762 मिलिमीटर. ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज. 1970 च्या दशकात ही तिन्ही मापं एकट्या मिरजेत होती. पुण्याकडून ब्रॉडगेज, लातूरकडून नॅरोगेज आणि बेळगावकडे मीटरगेज. मुंबईहून निघालेला बेळगावकर मिरजेत उतरायचा, ट्रंक हमालाच्या डोक्यावर द्यायचा आणि दुसरी गाडी गाठायचा. हे पुठ्ठ्याचं तिकीट बघा. कडेला तारीख उठलेली आहे. यंत्रात सरकवलं की खट्. त्या आवाजासाठी इथं रांग लागली होती.

(दृश्य: हॉलच्या दोन टोकांना दोन लोखंडी यंत्रं.)

पण गर्दी खरी इथं. एका यंत्रावर चिठ्ठी 'खानापूर', दुसऱ्यावर त्याच्या पुढचं स्टेशन 'गुंजी'. मध्ये सतरंजी, म्हणजे एकेरी मार्ग. अशा मार्गावर एका वेळी एकच गाडी सोडणारं नीलचं बॉल टोकन यंत्र ते हेच. खानापूरचे मास्तर घंटी देतात. गुंजीचे मास्तर घंटीनंच होकार देतात आणि आपलं हँडल 'गाडी येतेय'वर फिरवतात. ते फिरलं तरच खानापूरच्या यंत्रातून पोलादी गोळा सुटतो. हा गोळा म्हणजे ड्रायव्हरचा परवाना. चामडी पिशवीत घालून वेताच्या मोठ्या रिंगला अडकवायचा आणि चालत्या इंजिनात द्यायचा. पॉइंट्समन हात वर करून उभा, ड्रायव्हरचा हात बाहेर. चुकला, की गाडी थांबवून उतरा आणि शोधा झुडपात.

आज गाडी म्हणजे सहावीतली एक मुलगी. रिंग खांद्यात अडकवून ती निघाली.

मागं एक पोरगा उभा, त्यालाही गाडी व्हायचंय. तो हँडलला झोंबतो. हँडल हलत नाही. पहिला गोळा गुंजीच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा सुटत नाही, दोन्ही यंत्रं तारेनं बांधलेली.

"थांब की रे! ती पोचल्याशिवाय सोडतो काय तुला?" मास्तर म्हणतात. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, बोटं मात्र घंटीवरून हलत नाहीत.

(दृश्य: बेळगाव स्टेशन, नवी इमारत.)

जुनी इमारत गेली. नवी 2023 साली खुली झाली, त्याच दिवशी दुहेरी मार्गही. हुबळीला 2020 पासून रेल्वे म्युझियम आहे. पण इथली यंत्रं इथंच राहावीत, स्टेशनात एक खोली द्यावी, असा ठराव मेळाव्यात झाला.

(दृश्य: पुन्हा हॉल.)

गुंजी. मुलगी पोचली. पिशवीचं बक्कल निघेना, दोघांनी मिळून काढलं. गोळा आत गडगडला. घंटी.

खानापूरला दुसरा गोळा सुटला. मास्तर टेबलाखाली हिरवी झेंडी शोधतायत. पोरगा केव्हाच निघून गेला.