सीमेच्या दारातला सौना

(दृश्य: अंधार. बर्फातली पायवाट. लांबवर एकच उजळलेली खिडकी.)

सकाळचे आठ वाजलेत. फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरात डिसेंबरात या वेळी उजाडत नाही. पिस्पाला ही टेकडीवरची जुनी वस्ती अजून झोपलेली आहे. जाग आहे ती फक्त या आवारात, सार्वजनिक सौनात, म्हणजे गरम वाफेच्या स्नानघरात.

(दृश्य: ओंडके उचलणारे हात. भट्टीचं उघडं तोंड.)

ओंडक्यांची लांबी पाहा. एकेक मीटरभर. साल अजून अंगावर आहे, आणि सालीला लागलेला बर्फ जाळाजवळ येताच वितळून टपटपायला लागतो. वर दगडांची रास आहे, तिच्या बरोबर खाली जाळ. ज्वाळा दगडांच्या फटींतून घुसून वर निघतात, त्यामुळे दगड आतपर्यंत तापतो. या भट्टीला फिनिश भाषेत ‘किउआस’ म्हणतात. ही दिवसातून एकदाच पेटते. कित्येक तास जळते, मग लाकूड संपू द्यायचं, निखारे निवू द्यायचे. त्यानंतर दगडांवर पाणी मारून काजळी आणि कोळशाचा विषारी वायू बाहेर काढायचा. धुराड्याची झडप लावायची. एवढं झालं की मगच माणसांनी आत यायचं. त्यानंतर संध्याकाळभर एक काटकीही घालत नाहीत. सकाळी दगडांनी जे पोटात साठवलं, तेच रात्रीपर्यंत पुरतं.

घरी बंब पेटवलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे पाहत बसावंसं वाटेल. मला वाटलं. आम्ही इथे दीड तास कॅमेरा हलवला नाही.

(दृश्य: जाळ. फक्त आवाज.)

(दृश्य: उजाडतंय. लाकडी घरं, उतरते रस्ते, दोन्ही बाजूंना तळी.)

या सौनाचं नाव रायापोर्त्ती, म्हणजे सीमेवरचं दार. 1937 पर्यंत पिस्पाला शहराच्या हद्दीबाहेर होतं. 1820 मध्ये जेम्स फिनलेसन या स्कॉटिश माणसाने ताम्पेरेतल्या धावत्या पाण्यावर कारखाना उभारला, पुढे त्याची प्रचंड कापडगिरणी झाली. कामगार आले. हद्दीबाहेर जागा स्वस्त, म्हणून त्यांनी या टेकडीवर लहान लहान लाकडी घरं बांधली. दिवसभराचा घाम आणि अंगावरचा कापूस धुवायला घरात मोरी नव्हती. लालबाग-परळची गिरणगावं ठाऊक असलेल्या माणसाला ही टेकडी परकी वाटत नाही.

1906 मध्ये हेर्मान्नी आणि मारिया लाहतिनेन या जोडप्याने हा सौना सुरू केला. देशात आजही चालू असलेल्या सार्वजनिक सौनांमध्ये हा सगळ्यात जुना. 1989 पासून पिस्पालातली सौना-संघटना तो चालवते. सरपण आणणारे, फरशी घासणारे, तिकीट देणारे हात तुम्ही पाहताय. वस्तीने आपली जागा आपण सांभाळली, हे मला या इमारतीच्या वयापेक्षाही मोठं वाटतं.

फिनलंडची लोकसंख्या सुमारे 55 लाख, आणि सौना 30 लाखांच्या वर. घरोघरी सौना आले तसे गल्लीतले बंद पडले. हेलसिंकीत 1940च्या दशकात शंभरावर होते, शतक संपताना मोजकेच उरले.

(दृश्य: खुंट्यांवर टांगलेले कोट. खाली ओळीने बूट.)

बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी. कॅमेरा इथेच थांबतो. आत फक्त अंग न्यायचं.

(दृश्य: बंद दार. दारावर हळूहळू साचणारी वाफ.)

आधी बादलीत विसण घालून अंघोळ. मग पायऱ्या चढून वरच्या बाकावर. मी पहिल्यांदाच आलोय हे कुणाला सांगावं लागलं नाही. एका आजोबांनी न बोलता सरकून जागा दिली आणि बसायला लाकडाची फळी पुढे केली. पाणी टाकण्याआधी त्यांनी सगळ्यांकडे पाहून विचारलं, टाकू का? हे प्रत्येक वेळी विचारतात. ओगराळ्याएवढं पाणी. चर्र असा आवाज येत नाही, खोल कुठून तरी हुंकार येतो, आणि दोन श्वासांनंतर ऊब खांद्यांवर उतरते. या वाफेला ‘लॉयल्यू’ म्हणतात. जुन्या काळी हा शब्द प्राण, जीव या अर्थानेही वापरत.

(दृश्य: टेबलावर भिजवलेली डहाळ्यांची जुडी, जवळून. पानांवरून निथळणारं पाणी.)

ही जुडी बर्चची, आपल्या भूर्जाच्या कुळातलं झाड. इकडे तिला ‘विहता’ म्हणतात, पूर्वेकडे ‘वास्ता’. उन्हाळ्यात पान कोवळं असताना बांधून ठेवायची, हिवाळ्यात पाण्यात भिजवायची. तिने पाठीवर हलके फटके मारले की कोंदट खोलीत जूनचा वास सुटतो.

पूर्वी याच उबेत बाळंतपणं होत. गेलेल्या माणसाला शेवटची अंघोळही इथेच घालत. 2020 मध्ये युनेस्कोने फिनलंडची सौना-संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

(दृश्य: अंगण. चारच वाजलेत, अंधार पडलाय. टॉवेल गुंडाळलेली माणसं बाकांवर. खांद्यांवरून उठणारी वाफ.)

अंगण मात्र बायका-पुरुषांचं एकच. कुणी कॉफी पितंय, कुणी नुसतं बसलंय. डावीकडून दुसरे, ते आजोबा.

(दृश्य: कॅमेरा स्थिर. आजोबा बाकावर सरकतात, शेजारी जागा होते. दार उघडून कुणीतरी बाहेर येतं.)