आरोळी आधी, चेंडू नंतर

(रात्र. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीचे आवार. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत निळसर उजेड हलतो आहे.)

29 जून 2024 च्या रात्री बार्बाडोसमधला टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना शेवटच्या षटकावर येऊन ठेपला होता. दक्षिण आफ्रिकेला सहा चेंडूंत 16 धावा हव्या होत्या आणि डेव्हिड मिलर फलंदाजीला उभा होता. माझ्या मोबाइलवर हार्दिक पंड्या अजून क्षेत्ररचना लावत होता. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून अशी आरोळी उठली, की पार्किंगमध्ये झोपलेला कुत्रा भुंकत बाहेर पळाला, आणि पाठोपाठ समोरच्या इमारतीत कोणीतरी पातेले बडवायला घेतले. त्यानंतर माझ्या पडद्यावर चेंडू पडला. सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर झेल घेतला, तोल जातो आहे हे ओळखून चेंडू हवेत उडवला, दोरीपलीकडे पाय टेकवून तो परत आत आला आणि झेल पूर्ण केला. आयुष्यात एकदाच पाहायला मिळावा असा तो क्षण मी, पेपर फुटलेल्या परीक्षेला बसावे तसा, उत्तर ठाऊक असताना पाहिला. ते उत्तर मनासारखे होते, याचा आनंद अर्थातच झाला; पण तो झेल सुटेल की काय, ही धडधड माझ्या वाट्याला आलीच नाही.

या उशिराचे कारण फारसे गूढ नाही. प्रक्षेपणाचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो आणि तिथवर जाऊन परत यायला लहरींना साधारण पाव सेकंद लागतो. डिशवर दिसणाऱ्या चित्राला याखेरीज आणखी काही सेकंद लागतात, कारण ते आधी आकुंचित करून मग उलगडावे लागते. इंटरनेटवर मात्र तोच सामना काही सेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो, ते तुकडे सर्व्हरवर चढतात, आणि चित्र मध्येच अडखळू नये म्हणून आपला फोन दोन-तीन तुकडे गाठीशी बांधल्याशिवाय पहिला तुकडा दाखवत नाही. परिणामी आमच्या एकाच इमारतीत एकच फलंदाज चार वेळा बाद होतो. आधी तो डिश असलेल्या दुसऱ्या मजल्यावर बाद होतो, मग पहिल्या मजल्यावर, मग तिसऱ्या, आणि सर्वांत शेवटी माझ्या घरी.

दुसऱ्या मजल्यावरचे काका हे सद्गृहस्थ आहेत. माझी ही अडचण कळल्यापासून ते ओरडत नाहीत; त्याऐवजी फोन करतात. "काय हो, तुमच्याकडे अजून आला नाही का तो चेंडू? मग मी काही बोलत नाही," असे म्हणून ते फोन ठेवतात. त्यानंतर पाहण्यासारखे काय उरते, हे त्यांना कसे समजावून सांगावे, हे मला अद्याप सुचलेले नाही.

(दहीपुलाचा परिसर. अरुंद गल्ली, लाकडी कठड्यांचे जुने वाडे, वर तारांचे जाळे.)

माझे लहानपण दहीपुलाजवळच्या एका वाड्यात गेले. वाड्यात बिऱ्हाडे सात आणि टीव्ही एक, तोही घरमालकांच्या ओसरीवर. 5 नोव्हेंबर 1987 रोजी वानखेडे स्टेडियमवर भारत आणि इंग्लंड यांच्यात विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. ग्रॅहॅम गूचने स्वीप मारमारून आमच्या फिरकी गोलंदाजांना बेजार केले आणि 115 धावा काढल्या, हे जाणकारांच्या लक्षात आहे. माझ्या लक्षात मात्र एक आवाज आहे, किंवा खरे म्हणजे आवाजाचा अभाव. सुनील गावसकर 4 धावांवर त्रिफळाचीत झाले, तेव्हा आमची ओसरी गप्प झाली, आणि त्याच क्षणी शेजारचा वाडा, त्यापलीकडचे भांड्यांचे दुकान, खाली सराफ बाजारातल्या पेढ्यांवर जमलेली माणसे, सगळीच्या सगळी गप्प झाली. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा तेवढा फटफटत राहिला. गावसकरांचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय डाव ठरला. एवढ्या मोठ्या बाजारपेठेला एकाच वेळी गप्प बसलेले मी त्यानंतर ऐकले नाही.

त्या काळाचे गोडवे गाताना माणसे सोयीचे तेवढेच आठवतात, म्हणून हेही सांगितले पाहिजे की चित्र बहुतेक वेळा खराब असे. वाऱ्याने अँटेना फिरला, की कोणीतरी कौलांवर चढायचे, खालून "अजून थोडा पंचवटीकडे" अशा सूचना जायच्या, आणि चित्र लागेपर्यंत दोन षटके संपलेली असायची. पण खराब दिसायचे ते सगळ्यांना एकाच वेळी खराब दिसायचे.

रेडिओची गोष्ट त्याहून न्यारी होती. ईदगाह मैदानावर रविवारी एकाच वेळी चार-पाच सामने चालत आणि एका सामन्याचा मिडऑन दुसऱ्या सामन्याच्या स्लिपमध्ये उभा असे. कडेला कोणाच्या तरी सायकलच्या हँडलला ट्रान्झिस्टर टांगलेला असायचा. आकाशवाणीवर कसोटीचे मराठी समालोचन लागले आणि त्यात बाळ ज. पंडित यांचा आवाज असला, की थोरली मंडळी फलंदाजी सोडून सायकलीभोवती कोंडाळे करत. तिकडे कोणी बाद झाला, की इकडचे चारही सामने थांबत. गोलंदाज धाव अर्धवट सोडून मागे वळून पाहत आणि ज्याला बातमी नीट कळली नसेल तो मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून नुसते बोट वर करून विचारी. ते बोट वर करणे म्हणजे "कोण गेला?" हा प्रश्न आहे, हे कोणी कोणाला शिकवले नव्हते.

नंतर खासगी वाहिन्या आल्या. त्यांची वाट मोकळी होण्यात क्रिकेटचाही हात आहे, याचा पुष्कळांना विसर पडला आहे. 1993 च्या हिरो कपच्या प्रक्षेपणाच्या हक्कांवरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निकाल फेब्रुवारी 1995 मध्ये लागला. ज्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकरने शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सहा धावा करू दिल्या नाहीत, तीच ही स्पर्धा. पुढे 22 एप्रिल 1998 च्या रात्री शारजात वाळूचे वादळ आले, खेळ थांबला, भारतापुढचे लक्ष्य बदलून 46 षटकांत 276 झाले आणि अंतिम फेरी गाठण्यासाठी 237 धावा पुरेशा ठरल्या. तोपर्यंत आमच्या वाड्यात तीन टीव्ही झाले होते. तरी सचिनच्या 143 धावा आम्ही ओसरीवरच बसून पाहिल्या, कारण ते वादळ एकट्याने पाहण्यासारखे नव्हते.

(रात्रीचा होळकर पूल. खाली गोदावरीचे पाणी, पलीकडे पंचवटीचे दिवे.)

भारनियमनाच्या वर्षांत या सामायिक आवाजाचा एक विलक्षण उपयोग झाला. वीज फीडरनुसार, म्हणजे एकेका भागाची वेगवेगळी जायची, त्यामुळे गंगेच्या अलीकडे अंधार आणि पलीकडे उजेड असा प्रकार घडे. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, हे बाहेरच्या प्रेक्षकांसाठी सांगितले. अशा रात्री आम्ही गच्चीवर बसून पंचवटीच्या आवाजावरून सामना ओळखत असू. चौकाराचा आवाज पसरट असतो आणि हळूहळू विरतो. विकेटचा आवाज टोकदार असतो, उठतो आणि तुटतो. सुटलेल्या झेलाला एक लांब हुंकार असतो. आमचे अंदाज चुकतही, आणि वीज आल्यावर आकडे वेगळेच निघत. तरी निदान पलीकडचा आवाज आणि मैदानावरचा चेंडू यांच्यात फारकत नव्हती.

आजचे अडथळे वेगळे आहेत आणि ते बरेचसे कागदावरचे आहेत. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र दूरदर्शनला दिले जावे, असा कायदा 2007 मध्ये झाला. मात्र ते चित्र खासगी केबल आणि डिशवरून दाखवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले. म्हणजे घरात दूरदर्शन दिसते, दूरदर्शनवर सामनाही असतो, पण माझ्या केबलवरच्या दूरदर्शनवर त्याच वेळी दुसराच कार्यक्रम चालू असतो. न्यायालयाचा तर्क मला समजतो. हक्कांसाठी ज्याने पैसे मोजले, त्याचे नुकसान का व्हावे, हा प्रश्न रास्तच आहे. माझ्या आईला मात्र तो तर्क समजावता आला नाही. तिने एका सामन्याच्या दिवशी दूरदर्शन लावले, शेतीविषयक चर्चा पाहिली आणि "पाऊस आला असेल" म्हणून टीव्ही बंद केला.

प्रत्यक्ष मैदानात जाऊन पाहावे, तर नाशिकच्या माणसाला आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी मुंबई किंवा पुण्याजवळचे गहुंजे गाठावे लागते. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी वानखेडेला जाता येते, पण परतीची पंचवटी संध्याकाळी सुटते तेव्हा दिवसरात्रीच्या सामन्यात रंग भरू लागलेला असतो. मग मध्यरात्रीनंतर सामायिक टॅक्सीत चौथा प्रवासी म्हणून कोंबून घ्यायचे आणि कसारा घाटात डुलक्या घेत पहाटे द्वारका चौकात उतरायचे. हे मी चार वेळा केले आहे. पाचव्यांदा करीन, असे आता कंबरेकडे पाहून वाटत नाही.

या साऱ्या कुरकुरीत बुद्धिबळाचे रसिक तेवढे शांत आहेत. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी 2024 मध्ये टोरांटोला, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत खेळत होता, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र असे. त्याने हिकारू नाकामुराला दोन्ही डावांत हरवले. बुद्धिबळाच्या काही मोठ्या स्पर्धांत फसवणूक टाळण्यासाठी चाली मुद्दाम पंधरा मिनिटे उशिरा दाखवल्या जातात, आणि तरी त्या खेळाचे चाहते शेजाऱ्यावर चिडत नाहीत. अर्थात, एका प्याद्याच्या चालीवर अख्खी सोसायटी ओरडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

(हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. सकाळचे ऊन, जाळीबाहेर जॉगिंग ट्रॅकवर फिरणारी माणसे.)

म्हणून आता हिवाळा आला, की मी रणजीचे वेळापत्रक पाहतो. 1909 साली विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेरे यांचे नाव या मैदानाला दिलेले आहे, पण गावात सगळे त्याला गोल्फ क्लबच म्हणतात. जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्र आणि बडोदा यांचा सामना येथे झाला, तेव्हा मी रजा टाकून गेलो. मैदान नाशिकचे असले, की सत्यजित बच्छाव गोलंदाजीला येण्याची वाट पाहणारी माणसे जास्त असतात, कारण हा डावखुरा फिरकीपटू आपल्या गावचा आहे. फिरायला आलेली माणसे जाळीपाशी थबकतात, एक षटक पाहतात आणि पुढच्या फेरीला निघतात.

सीमारेषेपाशी बसल्यावर एक गंमत लक्षात येते. बॅट चेंडूला लागलेली आधी दिसते आणि तिचा टक् असा आवाज मागून येतो, कारण सत्तर मीटर अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. एवढा उशीर मला चालतो.

दुपारी एक फलंदाज पायचीत झाला, पंचांचे बोट वर गेले, आणि तो मान हलवत आमच्या समोरून तंबूकडे चालू लागला. माझ्या शेजारी बसलेल्या तरुणाने खिशातून फोन काढला, त्यावर धावफलक उघडला आणि बराच वेळ त्याकडे पाहून तो मला म्हणाला, "काका, अजून आउट दाखवत नाहीये."